चाकांची बॅग आणि जिना

घर तातडीने सोडावं लागलं तर हाताशी असावी म्हणून मी पहिल्यांदा जी बॅग भरली, ती चाकांची होती. टॉर्चपासून दोरीपर्यंत सगळं कोंबलं आणि खूश झालो. मग एकदा लिफ्ट बंद असताना सहज ती घेऊन जिना उतरून बघितला. दुसऱ्या मजल्यावरच खाली बसलो. एका हातात बॅग, दुसऱ्यात कठडा, मग पोराचा हात कोण धरणार?

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: जी उचलून जिना उतरता येत नाही ती आपत्कालीन बॅग नव्हे, ते नुसतं सामान.

सगळ्यात मोठा घोळ पाण्याचा. माणशी दिवसाला चारेक लिटर, तीन दिवसांचं, असं सांगतात. चौघांचे झाले ४८ लिटर, म्हणजे ४८ किलो! हा साठा घरातच अडकून पडलात तर कामाचा. पाठीवर माणशी एक-दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या पुरे. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळायचं, मग गोळी टाकून पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं. तहान लागली म्हणून घाई नको.

प्रत्येकाची सॅक वेगळी. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, थोडी रोकड सुट्ट्या नोटांत, जुना का होईना पण जादा चष्मा. फोन नंबर कागदावर लिहिलेले हवेत. मोबाइल बंद पडला तर बायकोचा नंबर मला तरी पाठ नाही, खोटं कशाला बोलू. आणि शिट्टी. अडकलेल्या माणसाचा ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टीला फक्त फुंकर लागते.

टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा. माझे आतच गळले, टॉर्च फुकट गेला. औषधं आठवड्याची, पण ती कायम सॅकमध्ये पडून राहू देऊ नका: नवी पट्टी आणली की ती सॅकमध्ये आणि सॅकमधली वापरायला. फ्रिजमधलं इन्सुलिन आधीपासून भरून ठेवता येत नाही, म्हणून सॅकवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे.

सॅक माळ्यावर टाकू नका, दाराजवळ ठेवा. दिसायला वाईट दिसते, दिसू दे. सहा महिन्यांनी एकदा उघडून बघायची. परवा उघडली, तर पोराचे बूट त्याच्या अर्ध्या पावलातही जाईनात.