टेबल हाताने उचलण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या पिलर ड्रिलला (उभ्या गोल खांबावर, म्हणजे कॉलमवर, बसवलेल्या भोक पाडायच्या मशीनला) टेबल वर-खाली करणारा स्क्रू कसा बसवला, या माझ्या लेखावर तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. टेबल हाताने उचलता येत असताना एवढा खटाटोप कशाला? स्क्रू लावल्यावर टेबल कॉलमभोवती फिरणार कसं? गोल कॉलमवर टेबल हललं की सेंटर (ड्रिलच्या टोकाखाली आणलेली भोकाची जागा) सुटतंच, मग फायदा काय? आणि शेवटचं, "हातात दम नसेल तर माणसाने मशीनच्या वाटेला जाऊ नये."

पहिल्या तिन्हींना थोडक्यात उत्तर आहे, ते खाली देतो. चौथं वाक्य मला लागलं. ज्या माणसाला कधी भेटला नाहीत, ज्याचं काम फक्त फोटोत पाहिलंत, त्याच्या हातात काय आहे नि काय नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

मी टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा तिथे एक फिटर होते. व्हाइससकट (जॉब पकडायच्या शिकंज्यासकट) टेबल खांद्यावर तोलायचे आणि दुसऱ्या हाताने क्लॅम्प आवळायचे. त्यांच्याइतका दम मी पुढे कोणाच्या हातात पाहिला नाही. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी पुढून चपटी झालेली होती. टेबल सुटलं तेव्हा ती आर्म आणि कॉलमच्या पायाच्या मध्ये सापडली होती. ताकद कमी पडली म्हणून ते झालं नव्हतं, आणि हे त्यांनीच आम्हा पोरांना पहिल्या आठवड्यात बजावून सांगितलं. अशा माणसाच्या हाताखाली शिकलेल्याला दमाच्या गोष्टी सांगताना जरा विचार करायला हवा होता.

आता टेबल सुटतं का, ते पाहा. बिडाचं टेबल, आर्म आणि कॉलमवर बसणारा बॉस (आर्मच्या टोकाचा नळीसारखा भाग) मिळून वजन वीस किलोच्या घरात जातं, वर व्हाइसचं वेगळं. हे वजन कॉलमच्या मध्यावर नसतं, पुढे लोंबतं. माझ्या मशीनवर ते अंतर 180 मिलीमीटर आहे आणि बॉसची उंची 100. क्लॅम्प ढिला केला की बॉस पुढे कलतो. त्याचा वरचा काठ कॉलमला मागून दाबतो, खालचा काठ पुढून. घर्षणाचा गुणांक 0.2 धरला तर दोन काठांवरचा अटकाव वजनाच्या 72 टक्के होतो. टेबल खाली घसरतं, पण रेंगाळत. गुणांक 0.28 च्या वर गेला की ते कसलाही आधार नसताना लटकून राहतं. जुन्या कॉलमवर हे दोन्ही वीतभर अंतरात सापडतं: वर गंजाचा खरखरीत डाग, त्याच्या खाली वर्षानुवर्षं तेलकट फडकं फिरून गुळगुळीत झालेला पट्टा. डागावर अडकलेलं टेबल बघून माणूस हात जरा सैल सोडतो, टेबलाला किंचित धक्का लागतो, ते पट्ट्यावर येतं आणि धाडकन खाली जातं. तिथे दंड कितीही जाड असला तरी बोट वेळेवर निघत नाही.

बरं, हे वर्षातून एकदा करायचं असतं तर मी तुमचं ऐकलं असतं. 3 मिलीमीटरचं नेहमीचं ड्रिल 61 मिलीमीटर लांब असतं, 12 चं 151. म्हणजे पायलट होल (आधीचं लहान भोक) मारून मोठं ड्रिल चढवलं की 90 मिलीमीटरचा फरक पडतो, आणि लहान मशीनच्या क्विलची (ड्रिल वर-खाली नेणाऱ्या नळीची) चाल तेवढी नसते. टेबल खाली घ्यावंच लागतं. जॉब बदलला की पुन्हा वर. दिवसभर काम करणाऱ्याला विचारा, तो दर वेळी टेबल हलवतो की तोकड्या चालीत भागवून घेतो. मी उमेदीच्या काळात भागवून घेणारेच जास्त पाहिले. ड्रिल चकमध्ये अर्धवट धरायचं, जॉबखाली लाकडाचे तुकडे रचायचे, आणि हे सगळं टेबल उचलायचा कंटाळा म्हणून. तुम्ही याला दम म्हणत असाल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

टेबल फिरण्याचं उत्तर लेखातच आहे. तो शेवटपर्यंत वाचला असतात तर हा प्रश्न आला नसता. नट टेबलाला जोडलेलाच नाही. तो कॉलमवर सैल बसणाऱ्या वेगळ्या कड्यात आहे आणि बॉस त्या कड्यावर नुसता टेकतो. क्लॅम्प ढिला करा, टेबल हवं तिकडे फिरवा, कडं जागेवर राहतं. मूळ बिडात एकही भोक पाडलेलं नाही. स्क्रू कॉलमच्या मध्यापासून 60 मिलीमीटरवर आहे, त्यामुळे त्याच 0.2 घर्षणाला कड्याची उंची 24 मिलीमीटर किंवा कमी असती तर ते तिरकं होऊन कॉलमवर जाम झालं असतं. म्हणून ते 50 चं ठेवलं. स्क्रू 20 बाय 4 चा (20 मिलीमीटर व्यास, 4 मिलीमीटर पिच) ट्रॅपेझॉइडल आहे, आट्याचा चढ जेमतेम चार अंश, त्यामुळे हँडल सोडलं तरी टेबल आपोआप उतरत नाही. खालचं टोक 15 ला टर्न करून 51102 थ्रस्ट बेअरिंगवर (उभा भार पेलणाऱ्या बेअरिंगवर) उभं केलंय. ड्रिलिंगचा दाब स्क्रूवर येऊ द्यायचा नाही, भोक पाडण्याआधी क्लॅम्प आवळायचाच, हेही तिथे लिहिलं आहे.

सेंटर सुटतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मी मान्य करतो. पण तो गोल कॉलमचा गुण आहे. हाताने उचललं तरी सुटतं, रॅक-पिनियनने (दातेरी पट्टी आणि चाकाने) उचललं तरी सुटतं. त्याचा दोष माझ्या स्क्रूच्या माथी कशाला?

लेखातले फोटो मागच्या बाजूने काढलेले आहेत आणि त्यांत कडं आर्मच्या आड जातं, एवढं खरं. जवळून काढलेला एक फोटो आज लेखात टाकतो. तो पाहून कड्याची उंची किंवा नटाची जागा चुकीची वाटली तर मापं घेऊन लिहा, मी नक्की उत्तर देईन.