आईला बसवून ठेवू नका, खुर्ची भिंतीला टेकवा

आपल्याकडे सत्तरीपुढचं माणूस खुर्चीतून उठायला लागलं की घरातले चार हात पुढे होतात. "तू बस गं आई, काय हवंय ते मी आणते." माया असते, मान्य. पण या मायेनं मांड्यांतली ताकद जाते, आणि ती गेली की एक दिवस कमोडवरून उठता येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातचं काम काढून घेण्याआधी त्याच्या पायाखालचं घसरणारं पायपुसणं काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आमचे बाबा रोज चालतात की!" चांगलंच आहे. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहेच, शिवाय ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून निदान ३ दिवस सांगितलाय. तो मात्र कुणाच्याच घरी दिसत नाही. "या वयात कसली ताकद येणार?" म्हणणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास आहे, १९९० साली प्रसिद्ध झालेला. बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा संस्थेत नव्वदीच्या १० जणांकडून देखरेखीखाली ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत!

घरी वजनं वगैरे लागत नाहीत. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिला बीपी आणि शुगर दोन्ही. डॉक्टरांना विचारून, फिजिओथेरपिस्टला एकदा घर दाखवून आम्ही सुरुवात केली. मुख्य व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. खुर्ची लाकडी, जड, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते. पावलं थोडी मागे, मग पुढे झुकून उठायचं, आणि बसताना धप्पकन न पडता सावकाश टेकायचं. उठताना श्वास रोखला की बीपी चढतं, म्हणून आईला मोठ्यानं आकडे मोजायला लावते. ती आकडे चुकवते आणि मलाच दोष देते, तो भाग वेगळा.

तोलाचा व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याशी. ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहायचं. मी बाजूला, जरा मागे उभी. दंडाला धरून ओढायचं नाही, त्यानं खांदा दुखावतो आणि तोलही जातो. गाऊन घोट्याच्या वर, पायात मोजे नकोत, चप्पल मागून पट्टा असलेली. जिन्यावर चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि उतरताना आपण त्यांच्या एक पायरी खाली.

वेळेचंही बघा. पहाटे बिछान्यातून उठून थेट फिरायला निघू नये. उठून बसल्यावर दोन मिनिटं पाय खाली सोडून थांबायचं, कारण उभं राहताच बीपी एकदम उतरू शकतं, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी अनशापोटी फेऱ्या मारणं धोक्याचं, खिशात साखरेची पुडी हवीच. चालताना गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. छातीत जडपणा, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबायचं, "अजून एक फेरी" नाही.

आणि कृपा करून फॅमिली ग्रुपवर आलेला कपालभातीचा व्हिडिओ बघून कुणालाही बसवू नका. बीपी आटोक्यात नसेल, हर्निया असेल तर ते नकोच. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून झटकन पुढे वाकणं आणि पीळ देणंही टाळावं, मणका दबू शकतो. आमच्या बागेत एक काका सगळ्यांना सूर्यनमस्कार घालायला लावतात. त्यांचा उत्साह दांडगा, पण कुणाचं हाड कसं आहे ते त्यांना कुठून कळणार?

एवढं करूनही कधीतरी पडणं होतंच. तेव्हा धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय, पाय हलतोय का. खुबा दुखत असेल किंवा पाय आखूड, वळलेला दिसत असेल तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. काही दुखत नसेल तर कुशीवर वळवा, मग हातागुडघ्यांवर येऊ द्या, खुर्ची जवळ आणा आणि तिचा आधार घेऊन त्यांचं त्यांना उठू द्या. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर "मला काही झालं नाही" म्हणाले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.