डोंगर आहे, म्हणून बाग नको?

साताऱ्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अजिंक्यतारा डोक्यावर, यवतेश्वर शेजारी, कास तासाभरावर. सातारकराला डिप्रेशन येतच नाही. बागांवर खर्च कशाला? अगदीच हवी तर लॉन टाका.’ माझ्या घरातल्यांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहितोय.

डोंगर नुसता दिसला तरी बरं वाटतं, हे खरंच आहे. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसायची ते पेशंट, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. पण उलरिच यांनी झाडांना पानं असतात त्याच महिन्यांतले पेशंट घेतले होते. आपल्या डोंगराचं गवत दिवाळीनंतर वाळतं आणि वणवा लागला की उतार काळाठिक्कर पडतो.

राहिलं कास. पंचवीसेक किलोमीटर, फुलं पावसाळा सरताना. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक तब्येत चांगली असल्याचं जास्त सांगत होते. एकदम घालवली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला कासही नाही आणि किल्लाही नाही. तिला ही मिनिटं मिळाली तर घरापासून चालत जाता येईल तिथेच.

‘लॉन टाका’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी, न्यूकॅसल आणि वुलनगाँगमधल्या ४६ हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात (२०१९), घराच्या परिसरात ३० टक्के किंवा जास्त झाडांची सावली असणाऱ्यांमध्ये पुढे मानसिक त्रास सुरू होण्याची शक्यता, १० टक्क्यांहून कमी सावली असणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होती. नुसत्या गवताचा असा फायदा दिसला नाही. पर्थमध्येही २०१२ च्या अभ्यासात मोकळ्या जागा किती आहेत याचा मानसिक त्रासाशी संबंध आढळला नाही. त्या कशा आहेत याचा आढळला.

कुणी म्हणेल, सुखवस्तू लोकच झाडांच्या भागात राहतात, म्हणून आकडे तसे येतात. शंका रास्त आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिथे ५४१ पडीक प्लॉटची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली, म्हणजे कुठली वस्ती सुखवस्तू हे पाहून नाही. काहींवर गवत, थोडी झाडं, बुटकं कुंपण आणि नियमित देखभाल. काहींवर फक्त कचरा उचलला. बाकीचे तसेच ठेवले. सुधारलेल्या प्लॉटजवळच्या लोकांमध्ये खिन्न वाटत असल्याचं सांगण्याचं प्रमाण, तसेच ठेवलेल्यांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलं. फक्त कचरा उचलला तिथे ठोस फरक दिसला नाही.

आणि सातारकराला डिप्रेशन येतं. आलं तर डॉक्टरकडे जायचं, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलायचं. बाग ही औषधाच्या जागी नाही.

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलंय. तिथे करंज, कडुनिंब, पाठ टेकता येईल असे दोन बाक आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला एक माणूस, एवढाच खर्च मी मागतोय.