टिळकांना काळाची सबब देऊ नका

१ ऑगस्ट आला की माझ्या फोनवर दोन महाराष्ट्र शेजारी शेजारी नांदतात, पण एकमेकांच्या घरी जात नाहीत. नातेवाइकांच्या ग्रुपवर पगडी-उपरण्यातले लोकमान्य आणि जन्मसिद्ध हक्क. मित्रांच्या ग्रुपवर अण्णा भाऊ साठे जयंती, आणि तिला जोडूनच टिळकांचा उद्धार. १९२० साली त्याच तारखेला टिळक मुंबईत सरदारगृहात गेले आणि तिकडे वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले, त्यामुळे भांडायला दिवस शोधावा लागत नाही. वादही ठरलेले. सार्वजनिक गणपती आधी भाऊसाहेब रंगारींनी बसवला की टिळकांनी? रायगडावरची शिवरायांची समाधी जोतीराव फुल्यांनी शोधली की टिळकांनी? चालू द्या. मला त्यात फारसं स्वारस्य नाही.

मला खटकतं ते दुसरंच. टिळकांच्या सामाजिक भूमिकांचा विषय निघाला की त्यांचे चाहते एक वाक्य टाकतात आणि मोकळे होतात: "अहो, त्या काळात सगळेच तसे होते."

नव्हते ना सगळे! आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६, टिळकांचा २३ जुलै १८५६. नऊ दिवसांचं अंतर. दोघं डेक्कन कॉलेजात बरोबर, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये बरोबर, 'केसरी'त बरोबर. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले तेही बरोबर. (त्या खटल्यात दहा हजारांच्या जामिनाला उभे राहिले ते जोतीरावांच्या सत्यशोधक वर्तुळातले रामशेठ उरवणे. ही गोष्ट दोन्ही ग्रुपांवर कधी येत नाही.) काळ एकच, जात एक, शिक्षण एक. तरीही १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं तेव्हा आगरकर 'सुधारका'तून त्याच्या बाजूने लिहीत होते आणि टिळक 'केसरी'तून विरोधात. काय होतं त्या बिलात? मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं, एवढंच. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती, त्यानंतरची ही गोष्ट. आगरकरांनी आपल्या मतांपायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. म्हणजे त्या काळात वेगळं वागता येत होतं, फक्त महाग पडत होतं.

आणि गंमत अशी की टिळक मनातून बालविवाहाचे पुरस्कर्ते नव्हतेच. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, अशी सूचना त्यांनी स्वतःच १८९० मध्ये मांडली होती. त्यांचा मुद्दा होता की सुधारणा आपली आपण करू, परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये. युक्तिवाद म्हणून त्यात दम आहे, हे मी मान्य करतो. फक्त दहा वर्षांच्या मुलीने स्वराज्य मिळेपर्यंत थांबायचं होतं का, याचं उत्तर त्यात नाही.

हा माणूस नीट पाहायचा असेल तर पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनचा चहा पाहा. ऑक्टोबर १८९०. पुण्याची प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढ्यात चहा आणि बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. नंतर गोपाळराव जोशी या इरसाल गृहस्थांनी हजर असलेल्यांची यादीच छापून आणली. पुण्यात हलकल्लोळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं.

ख्रिस्त्याच्या हातच्या चहाने आपण बाटतो असं टिळकांना वाटत असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. गणित आणि कायदा कोळून प्यायलेला माणूस तो. पण सनातन्यांशी नाळ तोडायची नाही हे पक्कं ठरलेलं. म्हणून आधी चहा, मग प्रायश्चित्त.

अठ्ठावीस वर्षांनी तेच पुन्हा. मार्च १९१८, मुंबई, विठ्ठल रामजी शिंद्यांनी भरवलेली अस्पृश्यता निवारण परिषद, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. टिळकांनी दणदणीत भाषण केलं. देवाला अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचं. टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. मग स्वतःच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रकावर सह्या घ्यायची वेळ आली, आणि टिळकांनी सही केली नाही.

म्हणून म्हणतो, काळाची सबब देऊन टिळकांचा अपमान करू नका. ते वाहत गेले नाहीत. त्यांनी हिशेब मांडून निवड केली: आधी राजकारण, त्यासाठी समाज जसा आहे तसा सोबत घ्यायचा. १८९५ मध्ये काँग्रेसच्या मंडपात सुधारकांची सामाजिक परिषद भरू द्यायची नाही, हा त्यांच्या गोटाचा हट्ट त्याच हिशेबातला, आणि वेदोक्त प्रकरणात (छत्रपतींच्या घरचे विधी वैदिक मंत्रांनी करायचे की नाही, या वादात) शाहू महाराजांच्या विरुद्ध जाणंही.

तो हिशेब फसला असंही मात्र म्हणता येत नाही, आणि इथे माझे मित्र माझ्यावर चिडतात. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या कौलावर न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली (हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते). मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. संपावर गेलेले हे लोक काही सदाशिव पेठेतले नव्हते. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार होते. त्यांना कोणी फसवलं होतं, असं म्हणणं म्हणजे त्यांना अक्कल नव्हती असं म्हणणं. मंडालेत टिळकांची तब्येत खालावली, १९१२ मध्ये इकडे पत्नी गेली, भेट नाही. ही किंमत खोटी नाही.

पण ज्यांच्या जोरावर ते 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' झाले, त्यांनीच कायदेमंडळात वेगळा वाटा मागितल्यावर १९१७ मध्ये अथणीच्या सभेत टिळकांनी खिल्ली उडवली: शिंपी, वाणी, कुणबी यांना तिथे जाऊन काय करायचंय? हे भाषण पुसता येत नाही, आणि ते ऐकून दुखावलेल्यांना 'ब्रिटिशांचे हस्तक' म्हणणं हा शुद्ध उद्धटपणा आहे.

या सगळ्यावर सगळ्यात कडक टीका घरातूनच आली, आणि ती शब्दांतली नव्हती. धाकटे चिरंजीव श्रीधरपंत हे बाबासाहेब आंबेडकरांचे स्नेही. केसरीच्या विश्वस्तांशी त्यांचं बिनसलेलं, कोर्टकचेऱ्या चालू. त्यांनी गायकवाडवाड्यात, वडिलांच्या वाड्यात, आंबेडकरांच्या समाज समता संघाची शाखा काढली, चातुर्वर्ण्य विध्वंसक समितीची पाटी लावली आणि एप्रिल १९२८ मध्ये आंबेडकरांच्या उपस्थितीत सहभोजन केलं. पुढच्याच महिन्यात, २५ मे रोजी, त्यांनी आयुष्य संपवलं. जाण्यापूर्वी आंबेडकरांना पत्र लिहिलं होतं.

श्रीधरपंतांचा फोटो मला १ ऑगस्टला कुठल्याच ग्रुपवर दिसत नाही. एका ग्रुपला त्यांची पाटी अडचणीची आणि दुसऱ्याला त्यांचं आडनाव.