मुकादम नको

गुलामगिरीतून पळून सुटलेले आणि तिच्याविरुद्ध लढलेले अमेरिकन वक्ते फ्रेडरिक डग्लस यांची भाषणं सगळे शेअर करतात. मी मात्र त्यांच्या एका खासगी पत्राकडे पुन्हा पुन्हा जाते. तारीख २९ मार्च १८४६, मुक्काम किल्मार्नक, स्कॉटलंड.

आदल्या वर्षी त्यांचं आत्मचरित्र छापून आलं होतं. त्यात मालकाचं नाव उघड केल्यामुळे पकडून परत मेरीलँडला नेतील ही भीती, म्हणून अटलांटिक ओलांडावा लागला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ते सभा गाजवत होते, पुस्तक विकून खर्च भागवत होते. तेवढ्यात बॉस्टनहून त्यांच्याच चळवळीतल्या मारिया वेस्टन चॅपमन यांनी डब्लिनचे सहकारी रिचर्ड वेब यांना लिहिलं: डग्लसवर लक्ष ठेवा, लंडनची कमिटी (गुलामगिरीविरोधी, पण प्रतिस्पर्धी गट) त्यांना पैशाने फोडेल. सोबत आलेल्या बफम यांच्याबद्दल तशी धास्ती नव्हती. ते गोरे, आणि गाठीशी पैसा असलेले.

वेबनी त्या ओळी डग्लसनाच वाचून दाखवल्या.

चॅपमनबाई काही खोट्या नव्हत्या. गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी बॉस्टनला दरवर्षी बाजार भरवायच्या, ब्रिटन-आयर्लंडच्या बायका त्यासाठी हातच्या वस्तूंच्या पेट्या भरून पाठवायच्या. म्हणून तर त्यांचं वेबना लिहिलेलं ते पत्र जास्त बोचतं.

डग्लसनी किल्मार्नकहून चॅपमनबाईंना उत्तर आदर राखून दिलं, पण सुनावलंच: मला संघटनेतून घालवायचं असेल तर माझ्यावर मुकादम नेमा, काम झालंच समजा. शब्द बघा कुठला निवडलाय! शेतात चाबूक घेऊन उभा असायचा तो मुकादम.

मी पंधरा वर्षं संस्थांमध्ये काम केलंय. वस्तीतल्या कार्यकर्तीने रिक्षाच्या चाळीस रुपयांचीसुद्धा चिठ्ठी जोडायची आणि शहरातून आलेल्या ट्रस्टींच्या टॅक्सीला नुसती सही पुरायची, हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून डग्लसचं ते पत्र मला जुनं वाटत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूकॅसलच्या रिचर्डसन घरातल्या बायकांच्या पुढाकाराने दीडशे पौंड जमले आणि डग्लस यांच्या मुक्ततेचा कागद झाला. लगेच हेन्री राइट या साथीदाराचं पत्र: माणसाची किंमत मोजणं म्हणजे गुलामगिरी मान्य करणं, तो कागद नाकारा. डग्लसनी २२ डिसेंबरला मँचेस्टरहून उत्तर लिहिलं. हे पैसे मालकाला भरपाई म्हणून दिलेले नाहीत, त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी दिलेत. बायको आणि चार मुलं अमेरिकेत होती. तत्त्व राइटचं, मान मात्र डग्लसची! मला इथे डग्लस शंभर टक्के पटतात.

३ डिसेंबर १८४७ ला अमेरिकेतल्या रोचेस्टरहून त्यांच्या ‘नॉर्थ स्टार’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. पैसे इंग्लंडच्या मित्रांनी जमवले होते. बॉस्टनच्या मंडळींनी वृत्तपत्र काढू नका म्हणून सांगितलं होतं.