सायक्रॉप्टिक 2003 मध्ये संपला नव्हता

डेथ मेटलच्या, म्हणजे गुरगुरत्या गळ्याच्या, जड आणि वेगवान मेटल संगीताच्या गप्पांत ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं, की एक मजकूर हमखास पुढे येतो. शब्द थोडेफार बदलतात, गोषवारा एकच. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या सायक्रॉप्टिक या बँडने 2003 साली ‘द सेप्टर ऑफ द एन्शंट्स’ हा एक थोर अल्बम काढला. मग गायक मॅथ्यू चॉक गेला आणि त्याच्याबरोबर बँडचा जीव गेला. पुढे मोठ्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नादी लागून त्यांनी संगीत सोपं केलं. ड्रम्स तर मशीनचेच आहेत. जगाच्या कोपऱ्यात राहून यापेक्षा जास्त काही होणारही नव्हतं, आणि तसंही ‘टेक्निकल’ म्हणवणाऱ्या बँडमध्ये वेगाशिवाय असतं काय? तेव्हा सेप्टर ऐका आणि बाकीचं सोडून द्या.

मी हा सल्ला बरीच वर्षं पाळला. सेप्टर पाठ होईपर्यंत ऐकला आणि पुढच्या अल्बमना हातही लावला नाही. त्यामुळे केवढं ऐकायचं राहून गेलं, हे कळल्यावर वाईट वाटलं. आता कुणी नव्याने या संगीताकडे वळलं आणि त्याच्या हातात पहिल्यांदा हाच मजकूर पडला, की राहवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारा मुद्दा चॉकचा, आणि त्यात अर्धं खरं आहे, हे आधी मान्य करतो. चॉकसारखा आवाज या प्रकारात क्वचितच सापडतो. खोल, पोटातून आलेल्या ग्रोलवर, म्हणजे गुरगुरीवर ओळ सुरू होते, मधेच ती चिरकत वर जाते आणि संपताना घशात काहीतरी अडकल्यासारखी घोगरी होते. एकाच माणसाच्या गळ्यात तीन-चार पात्रं भांडत असल्यासारखं वाटतं. ‘लॅसर्टाइन फॉरेस्ट’ ऐकून ज्याला हा माणूस आवडला, त्याला तो गेल्याची हळहळ वाटणारच. मलाही वाटली.

पण बँडचा जीव त्या गळ्यात होता का? हा बँड 1999 मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहरात उभा राहिला तो दोन सख्ख्या भावांभोवती. जो हेली गिटारवर, डेव्ह हेली ड्रम्सवर. बासवर कॅमरन ग्रँट आणि गायनाला चॉक. या रचनेत एकच गिटारवादक आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहुतेक मेटल बँडमध्ये दोन गिटारी असतात. एक खाली जाड भिंत उभी करते, दुसरी वर खेळते. जो हेलीला ती सोय नाही. म्हणून त्याने भिंत बांधायचा नादच सोडला. त्याच्या गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला मुद्दाम आणलेली खरखर, या प्रकाराच्या मानाने कमी असतं, इतकं की तारेवर पिकचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. गाणं ज्यावर उभं असतं तो गिटारचा तुकडा म्हणजे रिफ, आणि त्याचा रिफ ही एकेका सुराची धावती ओळ असते. ती वळणं घेत जाते, मधेच उलटी फिरते आणि आपण विसरलेलो असतो तेव्हा पुन्हा जागेवर येऊन बसते. हेडफोन लावून नुसत्या उजव्या हाताच्या त्या हालचालीकडे लक्ष द्या. ही सायक्रॉप्टिकची सही आहे.

आता चॉक गेल्यानंतरच्या पहिल्या अल्बमचं, 2006 च्या ‘सिम्बल्स ऑफ फेल्युअर’चं पहिलंच गाणं ‘अल्फा ब्रीड’ लावा. हात तोच, सही तीच. गाणारा बदलला म्हणून लिहिणारा बदललेला नाही. त्या वेळी आलेला गायक जेसन पेपिअट 2022 च्या अल्बमपर्यंत गात आलाय. 2001 ते 2022 या काळात सायक्रॉप्टिकचे पूर्ण लांबीचे 8 अल्बम आले. त्यातले पहिले 2 चॉकचे, पुढचे 6 पेपिअटचे. म्हणजे ‘फक्त सेप्टर’ म्हणणारा माणूस या बँडच्या तीन चतुर्थांश कामाला न ऐकताच कुलूप लावतो.

पेपिअटची तुलना चॉकशी करून त्याला कमी ठरवतात, ते मला पटत नाही. त्याचा आवाज मधल्या पट्टीतला आहे, खरखरीत, लांबून कुणाला तरी ओरडून हाक मारावी तसा. नुसत्या गळ्याच्या करामती मोजल्या तर चॉक पुढे आहे, यात वाद नाही. पण चॉक गात असताना गळा आणि गिटार एकाच जागेसाठी झगडत असत. पेपिअट ठेक्याला धरून चालतो, शब्द आघातावर ठेवतो आणि गिटारला मोकळं रान देतो. जो हेलीचं वाजवणं मला खऱ्या अर्थाने ऐकू यायला लागलं ते पेपिअटच्या काळात. चॉकही काही गप्प बसला नाही. टास्मानियातल्याच मेफिस्टोफिलीस या बँडमध्ये तो गायला आणि 2013 मध्ये त्यांचा ‘साउंड्स ऑफ द एंड’ आला. ज्यांना तो वेडावाकडा गळा हवा आहे, त्यांनी तो जरूर ऐकावा.

दुसरा मुद्दा लेबलचा. आरोप असा, की न्यूक्लिअर ब्लास्टसारख्या बड्या जर्मन लेबलने करार दिला आणि बँडने संगीत सोपं केलं. इथे नुसती सनावळी समोर ठेवली तरी पुरे. पहिला अल्बम ‘द आइल ऑफ डिसएन्चांटमेंट’ 2001 मध्ये त्यांनी स्वतःच काढला. सेप्टर अमेरिकेच्या युनिक लीडरने काढला, ‘सिम्बल्स ऑफ फेल्युअर’ नेदरलँड्सच्या न्यूरॉटिकने. न्यूक्लिअर ब्लास्ट आलं ते 2008 च्या ‘ऑब्सर्व्हंट’ला, आणि 2012 च्या ‘द इनहेरिटेड रिप्रेशन’नंतर गेलंही. दोनच अल्बम.

चॉक जाताच संगीत सोपं झालं असतं, तर ते 2006 मध्ये दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात ‘सिम्बल्स ऑफ फेल्युअर’ हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात गुंतागुंतीचा अल्बम आहे, सेप्टरहूनही. त्यात 8 गाणी आहेत आणि एकेका गाण्यात इतके रिफ कोंबलेत, की दुसऱ्या कुणी त्यातून तीन गाणी केली असती. पहिल्या चार-पाच वेळा ऐकताना मला त्याचं टोकच सापडत नव्हतं.

2008 मध्ये बदल झाला, हे खरं. ‘ऑब्सर्व्हंट’चं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवायचं काम, मशीन हेड या बँडच्या जुन्या गिटारवादकाने, लोगन मेडरने केलं. आवाज चकचकीत झाला, पायाने वाजवायच्या बास ड्रमचा ठोका टिकटिकल्यासारखा झाला. तो मलाही खटकतो आणि आजही तो अल्बम मी त्या ठोक्याकडे दुर्लक्ष करूनच ऐकतो. पण मिक्सिंग वेगळं आणि रचना वेगळी. रचनेत जे बदललं ते इतकंच, की रिफ आता परत येऊ लागले. आधी एक रिफ गेला की गेला. आता तो फिरून येतो आणि तो येईपर्यंत त्याच्याखालचे ड्रम्स बदललेले असतात. 2012 च्या अल्बममध्ये ही पद्धत पुरती मुरली आहे. पहिलं गाणं ‘कॅरिअर्स ऑफ द प्लेग’ घ्या. मुखडा ओळखीचा झाला म्हणून आपण निवांत बसतो आणि तेवढ्यात खालची जमीन सरकते. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा दर आवर्तनाला येतो म्हणून तिला कुणी सोपी म्हणत नाही. मुखड्यावर दरवेळी कुठून आणि कसं येता, तिथे कस लागतो.

लेबलच्या दबावाचा आरोप तपासायला एक साधी कसोटी आहे. दबाव गेल्यावर माणूस पूर्वपदावर येतो. 2015 मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम आला तेव्हा न्यूक्लिअर ब्लास्ट नव्हतं, बाहेरच्या देशांसाठी अमेरिकेचं प्रॉस्थेटिक होतं. तो अल्बम सेप्टरकडे परत गेला का? गेला नाही. गाणी आणखी आटोपशीर झाली, सुरावट आणखी ठळक झाली. 2018 च्या ‘अ‍ॅज द किंगडम ड्राउन्स’मध्ये आणि 2022 च्या ‘डिव्हाइन कौन्सिल’मध्ये तोच रस्ता आणखी पुढे गेला. 2008 मध्ये धरलेली वाट त्यांनी लेबल सुटल्यावरही सोडली नाही, कारण ती त्यांची स्वतःची वाट होती. कुणाला ती आवडणार नाही, हे मी समजू शकतो. पण ती विकली गेल्याची खूण आहे म्हणणं अन्यायाचं आहे.

ड्रम्स मशीनचे आहेत, हे विधान तर सरळ चुकीचं आहे. गोंधळ कशामुळे होतो, तेवढं सांगतो. या प्रकारात बास ड्रमवर ट्रिगर लावायची पद्धत सर्रास आहे. ड्रमच्या कडेला एक छोटा सेन्सर बसवतात. पायाचा ठोका पडला की तो आधी नोंदवलेला एक स्वच्छ आवाज सोडतो. म्हणून सगळे ठोके एकसारखे, यंत्राने काढल्यासारखे ऐकू येतात. पण ठोका कधी पडायचा, हे पायच ठरवतो. पाय चुकला तर ट्रिगर ती चूकच मोठ्याने ऐकवतो. ज्याला तरीही शंका असेल, त्याने बास ड्रम सोडून वरच्या झांजांकडे कान द्यावा. तिथला जोर प्रत्येक मात्रेला वेगळा पडतो. नाही तर 2010 मध्ये आलेला त्यांचा लाइव्ह अल्बम ‘इनिशिएशन’ ऐकावा.

डेव्ह हेलीची बाकीची कामगिरीही बघा. होबार्टच्याच रुइन्स या बँडमध्ये आणि द अमेंटा या बँडमध्ये त्याने वाजवलंय. डच बँड पेस्टिलन्सच्या 2013 च्या ‘ऑब्सिडिओ’वर ड्रम्स त्याचे आहेत. युरोपातला इतका जुना डेथ मेटल बँड टास्मानियातला माणूस बोलावतो, ते त्याच्या हातापायांवर विश्वास असतो म्हणूनच. शिवाय वेअरवुल्व्ज नावाचा त्याचा आणखी एक बँड आहे, ज्याने 2020 पासून 2024 पर्यंत दरवर्षी एक अल्बम काढला. तिथलं संगीत मुद्दाम रांगडं, सरळसोट आहे, त्यात वळणं घ्यायला कुणी थांबत नाही. सोपं करायची हौस भागवायला त्याच्याकडे दुसरं घर होतं. सायक्रॉप्टिकमध्ये तो जे वाजवतो ते समजून-उमजून वाजवतो.

कोपऱ्यात राहण्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात या माणसांच्या कष्टांचा हिशेबच नाही. टास्मानिया हे बेट. होबार्ट त्याच्या दक्षिण टोकाकडे, वस्ती अडीच लाखांच्या आसपास. मुख्य भूमी आणि बेट यांच्यात बास नावाची सामुद्रधुनी, जवळपास 240 किलोमीटरची. सामान गाडीत घालून मेलबर्नला वाजवायला जायचं, तर आधी होबार्टहून उत्तरेला डेव्हनपोर्टपर्यंत पावणेतीनशे किलोमीटर गाडी हाकायची, तिथे गाडी बोटीत चढवायची आणि समुद्र ओलांडून पलीकडे उतरायचं. नाही तर विमानाचं भाडं मोजायचं. एवढं केल्यावर तुम्ही नुसते आपल्याच देशात पोहोचलेले असता. युरोप-अमेरिका अजून पुढेच असते. मेलबर्न किंवा सिडनीचा बँड जो पहिला कार्यक्रम घराशेजारी करतो, त्यासाठी यांना समुद्र पार करावा लागायचा. अशा जागेहून 1999 पासून बँड चालवायचा, सलग दौरे करायचे आणि 8 अल्बम काढायचे, याला मी कोपऱ्यात पडून राहणं म्हणणार नाही.

उलट त्या अंतरानेच त्यांना स्वतःच्या पायावर उभं केलं, असं मला वाटतं. जो हेलीने होबार्टमध्ये क्रॉलस्पेस नावाने स्वतःचं रेकॉर्डिंगचं काम उभं केलं. आपल्या बँडचं रेकॉर्डिंग तो स्वतः करतो आणि इतर बँडचंही करतो. ज्या हाताने रिफ लिहिला, त्याच हाताने माइक लावला आणि आवाजाची पातळी ठरवली. गिटारचा तो सुटासुटा, कोरडा टोन इतकी वर्षं का टिकला, याचं उत्तर मला इथे सापडतं. दर अल्बमला नव्या शहरात, नव्या निर्मात्याकडे गेले असते, तर कुणीतरी डिस्टॉर्शन वाढवायला लावलंच असतं.

राहिला वेगाचा मुद्दा. नुसता वेग ऐकायचा असेल तर सायक्रॉप्टिकपेक्षा वेगवान बँड डझनाने मिळतील. ‘अ‍ॅज द किंगडम ड्राउन्स’ लावून पाहा. ग्रँटच्या जागी टॉड स्टर्न बासवर आल्यानंतरचा हा अल्बम. यात मोकळ्या जागा आहेत, एक सलग उदास रंग आहे. पहिलं ‘वी वेअर द कीपर्स’ आणि शेवटचं ‘यू बिलाँग हिअर, बिलो’ ही दोन गाणी लागोपाठ ऐकली तरी कळतं, की हे लोक वेग कुठे रोखायचा, हेही जाणतात.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. सेप्टर ऐकायला सांगता ते जरूर सांगा, मीही सांगतो. फक्त ‘बाकीचं सोडून द्या’ ही ओळ तेवढी काढा. आणि नव्याने ऐकणाऱ्याने सेप्टरचं नववं, शेवटचं गाणं संपल्यावर मध्ये दुसरं काही न लावता थेट ‘अल्फा ब्रीड’वर जावं. आवाज वेगळा वाटेल, त्यामुळे पहिली दोन मिनिटं गायकाकडे लक्ष देऊ नका. गिटारच्या मागे जा.