चार वर्षं नगरसेवक नव्हता, म्हणून यंदा कमळाला मत नको

बाबांचा फोन रविवारी येतो. डब्लिनमध्ये सकाळ असते, नागपुरात त्यांचं जेवण आटोपलेलं असतं. गेल्या रविवारी म्हणाले, "पंधरा जानेवारीला महापालिकेचं मतदान आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. आपलं तर ठरलेलंच आहे." मी म्हटलं, "बाबा, यंदा कमळाला देऊ नका." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "काऊन?" आणि लगेच, "तिकडे बसून तुला काय समजून राहिलं इथलं?"

फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी हे सांगायला हवं की २०१७ साली मीही कमळाचंच बटण दाबलं होतं. नागपूर महापालिकेत २००७ पासून भाजपची सत्ता होती. त्या निवडणुकीत १५१ पैकी १०८ जागा त्यांना मिळाल्या आणि आमच्या घरात पेढे आले. मेट्रो झाली, उड्डाणपूल झाले, एम्स आलं. सुट्टीत घरी गेले की सीताबर्डीहून मेट्रोनं जाताना मला अजूनही बरं वाटतं. यातलं काही मी नाकारत नाही, आणि बाबांनीही नाकारू नये.

पण त्या १५१ जणांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, शहरात एकही नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती. आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक त्यांनीच मांडायचं आणि सभागृहाच्या वतीनं मंजूरही त्यांनीच करायचं. हजारो कोटींचा हिशोब, आणि 'आमच्या वस्तीचं काम यात का नाही' असं उभं राहून विचारायला त्या सभागृहात कोणी नव्हतं. आयुक्त चांगले की वाईट हा मुद्दाच नाही. चांगला अधिकारीसुद्धा आपल्याला उत्तर द्यायला बांधलेला नसतो. त्याची बदली होते, त्याला आपण निवडून देत नाही.

बाबा म्हणतात, केस कोर्टात होती, सरकार काय करणार? हे अर्धं खरं आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. मुदत संपली तेव्हा राज्यात महाविकास आघाडी होती, आणि तीन सदस्यांचे प्रभाग करून घोळ वाढवण्यात त्यांचाही हात आहे. त्यांना मी सोडत नाही. पण ते सरकार जून २०२२ मध्ये गेलं. नवं सरकार आलं, त्यात सगळ्यात मोठा पक्ष भाजप. ऑगस्टमध्ये या सरकारनं आधीची प्रभागरचना रद्द करून २०१७ ची परत आणली. त्यावर नव्या याचिका झाल्या, न्यायालयानं 'जैसे थे'चा आदेश दिला, आणि सगळं तिथेच थांबलं. पुढची तीन वर्षं सरकारला ही निवडणूक लवकर हवी आहे असं मला कधी दिसलं नाही. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. त्यालाही मुदतवाढ मागितली गेली, आणि ३१ जानेवारी २०२६ च्या आत उरकायच्या म्हणून १५ जानेवारी ही तारीख ठरली. संविधानात ७४ व्या दुरुस्तीनं १९९२ सालीच लिहून ठेवलं आहे की मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक. न्यायालयाला हे पुन्हा सांगावं लागलं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. आपले मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस याच सभागृहातून आले. १९९२ मध्ये, जेमतेम बावीस वर्षांचे असताना, ते नगरसेवक झाले आणि १९९७ मध्ये महापौर. ती पहिली पायरी त्यांना याच महापालिकेनं दिली. मग या चार वर्षांत बावीस-पंचवीस वर्षांच्या किती मुलामुलींची पहिली पायरी काढून घेतली गेली? १५१ मधल्या निम्म्या, म्हणजे ७६ जागा बायकांच्या असतात. ७६ बायका चार वर्षं त्या सभागृहात बसल्या नाहीत. ज्या माणसाला या सभागृहाची किंमत सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवी, त्याच्या सरकारनं ते रिकामं राहू दिलं. हे मला माफ करता येत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ आठवा. पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी डागा ले-आऊट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरली. माणसं गेली. लष्कर बोलवावं लागलं. तलावाच्या सांडव्यासमोर उभारलेला विवेकानंदांचा पुतळा पाण्याला अडवतो का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. तो प्रश्न आधी महापालिकेच्या सभागृहात गाजायला हवा होता. तिथे कोणी नव्हतंच. लोकांनी वकील गाठले, कारण नगरसेवक नव्हता.

आमच्या गल्लीचंही सांगते. रस्ता सिमेंटचा झाला आणि अंगणापेक्षा दीड फूट वर आला. आता जरा जोराचा पाऊस आला की रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत येतं आणि सांडपाण्याची गडर लाईन उलटी भरते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी पायरीशी विटांचा बांध घातला आहे आणि पावसाळ्यात रात्री उठून टॉर्चनं पाणी बघतात. आधी अशा वेळी ते नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायचे. चहा व्हायचा, वाद व्हायचा, आणि आठवडाभरात दोन माणसं कुदळ-फावडं घेऊन यायची. चार वर्षं जायचं कुठे, हेच त्यांना कळलं नाही. तेच बाबा मला विचारतात, काऊन.

आता इथलं. आयर्लंडमध्ये मी नागरिक नाही, पासपोर्ट भारताचाच आहे. तरी इथे राहणाऱ्या कुठल्याही प्रौढ माणसाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. ७ जून २०२४ ला मी डब्लिन सिटी कौन्सिलसाठी मत दिलं. त्या दिवशी माझ्या मनात नागपूर होतं: जिथे मी परकी आहे तिथे माझा नगरसेवक आहे, आणि जिथे माझे बाबा जन्मापासून राहतात तिथे त्यांचा नाही.

हा देश स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाला सूचना काढावी लागली, आणि मीसुद्धा काही आठवडे संध्याकाळनंतर एकटी बाहेर पडले नाही. इथल्या कौन्सिलला अधिकारही थोडेच. कारभार नेमलेल्या मुख्य अधिकाऱ्याच्या हातात असतो, पाणी राष्ट्रीय कंपनीकडे. एवढंच काय, डब्लिनचं कौन्सिल १९२४ मध्ये आणि पुन्हा १९६९ मध्ये सरकारनं बरखास्त केलं होतं, दोन्ही वेळा शहर अनेक वर्षं नेमलेल्या माणसांनी चालवलं. स्थानिक निवडणुका पुढे ढकलणं इथल्या सरकारांच्या अंगवळणी पडलं होतं. १९८५ नंतर १९९१, आणि त्यानंतर थेट १९९९. शेवटी १९९९ मध्ये लोकांनी सार्वमतानं राज्यघटनेत घातलं की दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे. तेव्हापासून एकदाही चुकलेली नाही, १९९९ ची आणि २०२४ ची धरून सहा झाल्या. आपण तेच कलम त्यांच्या सात वर्षं आधी लिहिलं. त्यांनी पाळलं, आपण नाही.

आणखी एक गोष्ट इथे राहून कळली. इथेही एका विभागातून पाच ते सात जण निवडून येतात, नागपुरात एक प्रभाग सोडला तर चार येतात. त्यामुळे चार सदस्यांचा प्रभागच वाईट, असं मी आधी म्हणायचे ते आता म्हणत नाही. फरक मत मोजण्यात आहे. इथे मत एकच. उमेदवारांपुढे पसंतीनं १, २, ३ लिहायचं, म्हणजे एका पक्षाला सगळ्या जागा सहसा मिळत नाहीत आणि निवडून आलेले एकमेकांवर नजर ठेवून असतात. नागपुरात प्रभागातल्या चार जागांसाठी अ, ब, क, ड अशी चार वेगळी मतं. एकाच चिन्हाची लाट आली की चौघेही एकाच पक्षाचे. मग तुंबलेल्या गडरसाठी चौघांपैकी कोणाकडे जायचं? प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो, आणि त्यांना विचारणारा पाचवा कोणी नसतो.

बाबांचं म्हणणं आहे की विरोधकही काही वेगळे नाहीत. नसतीलही. काँग्रेसची महापालिका त्यांनी पाहिली आहे, मी फारशी नाही. पण मी बाबांना कोणाच्या प्रेमात पडायला सांगत नाही. चार वर्षं नगरसेवकांशिवाय शहर चाललं, आणि तरीही त्याच पक्षाला १०८ मिळाले, तर पुढच्या वेळी मुदत संपल्यावर निवडणूक घेण्याची घाई त्यांना कशासाठी वाटेल?

काल, रविवार नसताना, पुन्हा फोन आला. म्हणाले, "दोन तर मी त्यांनाच देतो. तो पोरगा चांगला आहे, आणि ती बाई कोरोनात डबे देऊन राहिली होती." मी काही बोलले नाही. कोरोनात डबे दिले होते हे खरं आहे, माझ्या आईलासुद्धा दिले होते. मग म्हणाले, "क आणि ड मध्ये कोण कोण उभं आहे, ते जरा पाहून सांग. मला त्या मोबाइलवर दिसत नाही."

यादी उघडली आहे. क मध्ये सात नावं आहेत, ड मध्ये नऊ.